खान सांगणारे जपले, ऐकणाऱ्यांचं काय?

व्हिएतनामच्या मध्य पठारावर, दाक लाक प्रांतात आणि त्याच्या आसपास एदे लोक राहतात. त्यांच्या वीरकाव्यांना 'खान' म्हणतात. एक खान सांगायला कित्येक तास लागतात आणि मोठा असेल तर तो रात्रीमागून रात्री चालतो. ही काव्यं टिकावीत म्हणून व्हिएतनाम सरकारनं मनापासून खर्च केला आहे. २००१ ते २००७ या काळात तिथल्या समाजविज्ञान अकादमीनं मध्य पठारावरच्या वीरकाव्यांच्या संकलनाचा मोठा प्रकल्प राबवला. त्यातून एदे, म्नोंग, बा ना आणि इतर जमातींची ७५ काव्यं ६२ खंडांत, मूळ भाषा आणि व्हिएतनामी भाषांतर यांसह छापली गेली. २०१४ मध्ये एदे वीरकाव्याची नोंद देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. खान सांगणाऱ्यांना सरकारी मानाच्या पदव्या मिळू लागल्या. सगळ्यांत प्रसिद्ध खान म्हणजे 'डाम सान'. त्याचा एक उतारा दहावीची मुलं देशभर वाचतात.

एवढं होऊनही अख्खा खान तोंडपाठ सांगू शकणारी माणसं कमीच होत चालली आहेत. जी आहेत ती बहुतेक म्हातारी आहेत.

याचं कारण सरकारची उदासीनता असं म्हणता येत नाही, कारण सरकार उदासीन नव्हतं. माझं म्हणणं असं की सगळा पैसा आणि सगळी कळकळ दोघांवर खर्च झाली: खान सांगणाऱ्यावर आणि छापलेला खान वाचणाऱ्यावर. ज्याच्यासाठी खान सांगितला जायचा, त्या ऐकणाऱ्याचा विचार कोणत्याही योजनेत नाही. खान आज अडला आहे तो तिथेच. पुढचा रुपया, म्हणजे तिथला डोंग, ऐकणाऱ्यावर खर्च व्हायला हवा.

हे पटायचं तर खान कसा चालतो हे आधी बघावं लागेल.

एदे लोक सुमारे चार लाख. २०१९ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३,९८,००० च्या वर भरली. भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातली, चाम भाषेच्या जवळची. व्हिएतनामीशी तिचं नातं नाही. समाज मातृवंशीय आहे. मुलांना आईचं कुळनाव लागतं आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. घर म्हणजे खांबांवर उभं, उत्तर-दक्षिण पसरलेलं लांबच लांब घर. मुलींची लग्नं होतील तशी त्याची लांबी वाढत जायची. चढायच्या लाकडी शिडीवर स्तनांची जोडी आणि चंद्रकोर कोरलेली असते. घराचे दोन भाग. पुढचा 'गाह', म्हणजे पाहुण्यांचा, चुलीचा आणि काशाच्या झांगांचा (थाळीसारख्या वाद्यांचा). मागचा 'ओक', कुटुंबाच्या खोल्यांचा. गाहमध्ये भिंतीकडेला 'क्पान' असतो, एकाच झाडाच्या खोडातून कोरून काढलेला लांबलचक बाक.

पीक घरात आलं, अंधार पडला, चूल पेटली की 'पो खान', म्हणजे खान सांगणारा, इथे बसतो. पुष्कळदा तो बसतही नाही, चक्क आडवा होतो. जवळ वाद्य नसतं, साथीदार नसतो आणि वेगळा पोशाखही नसतो. सगळी पात्रं त्याची एकट्याची: नायक, शत्रू, राण्या, घोडा, आकाशातला देव. संवाद आला की आवाज बदलतो, लढाई आली की लय धावते, वर्णनात ती पसरते. बाकीची माणसं चटईवर कलंडलेली असतात. कुणी पेंगतं, कुणाच्या मांडीवर मूल झोपतं. त्या अर्धवट झोपेतच मुलांच्या कानावर खान पडत राहायचा, वर्षानुवर्षं तोच. त्यातल्याच एखाद्याचं डोकं तल्लख निघालं तर तो पुढे पो खान व्हायचा. वेगळी शाळा नव्हती. पन्नास ऐकणाऱ्यांतून एखादाच सांगणारा निघतो. त्यामुळे उरलेल्या एकोणपन्नास जणांना वगळून त्या एकाला शिकवू पाहणाऱ्या योजनेचा पाया कच्चाच राहतो.

आता भाषेकडे येऊ. खानची भाषा रोजची नाही. ती 'क्लेइ दुए' या यमकबद्ध बोलीत असते. शब्दसमूहाच्या शेवटचं अक्षर पुढच्या समूहातल्या एखाद्या अक्षराशी जुळतं आणि साखळी पुढे सरकते. वाक्यं बहुधा जोडीनं येतात, पहिल्यात सांगितलेलंच दुसऱ्यात जरा वेगळ्या वस्तूंच्या आधारे पुन्हा. याचा दुहेरी उपयोग आहे. यमकामुळे सांगणाऱ्याला पुढचा शब्द सापडतो. आणि ठरीव ओळी (घराचं वर्णन, मेजवानीचं वर्णन, वीराच्या देहाचं वर्णन) आल्या की त्याला विसावा मिळतो, तेवढ्या वेळात पुढचा प्रसंग मनात जुळवता येतो. ऐकणाऱ्यालाही हीच साखळी धरून ठेवते. एखादा जुना शब्द समजला नाही तरी जोडीतल्या दुसऱ्या ओळीवरून अर्थ लागतो.

लक्षात घ्यायची गोष्ट ही की क्लेइ दुए फक्त खानपुरती नव्हती. एदेंचा पारंपरिक कायदाही याच बोलीत आहे. लेओपोल्ड साबातिए हा फ्रेंच प्रशासक १९१० आणि १९२० च्या दशकांत दाक लाकचा कारभार पाहत होता. त्यानं डाम सानही गोळा केला आणि कायदाही. डाम सानचं फ्रेंच रूप पॅरिसमध्ये १९२७ साली निघालं, मूळ एदे पाठ १९३३ साली आला. कायद्याचं संकलन द. आंतोमार्की यांच्या भाषांतरासह १९४० मध्ये छापलं गेलं. त्यात २३६ कलमं आहेत. कलम म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येतो तसला रुक्ष मजकूर नव्हे. अपराध काय, दोष कोणाचा, हे उपमांनी आणि यमकांनी सांगितलेलं. गावात भांडण झालं की न्याय करणारा माणूस या ओळी म्हणायचा, दोन्ही पक्ष उलट ओळी म्हणायचे. लग्नाची बोलणी, पूजेतली आवाहनं, सगळीकडे कमीअधिक हीच बोली. म्हणजे खानच्या रात्री येणाऱ्या ऐकणाऱ्याचा कान वर्षभर तयार होत असे. कायद्याचा तंटा सरकारी कोर्टात गेला, लग्नाची बोलणी आटोपशीर झाली, आणि कानाची ही रोजची मशागत थांबली. खान कमी होण्याआधी ही बोली कमी झाली. ६२ खंडांचा प्रकल्प उभा करताना हा क्रम कुणी धरला असता तर योजनेचा आराखडा वेगळाच झाला असता असं मला वाटतं.

डाम सानच्या गोष्टीतही ऐकणाऱ्याशिवाय काय हरवतं ते दिसतं.

एदेंमध्ये 'चुए नुए' नावाची रीत होती. नवरा किंवा बायको मेली की तिच्या जागी त्याच कुळातलं कुणीतरी द्यायचं, म्हणजे दोन कुळांना जोडणारी दोरी तुटत नाही. या रितीनं डाम सानला होन्यी आणि होभी या दोघी बहिणींशी लग्न करावं लागतं. त्याला ते नको असतं. तो करतो, पळतो, परत येतो. म्ताव ग्रू, म्हणजे गिधाडांचा सरदार, त्याच्या बायकोला पळवतो. पुढे म्ताव म्साय, लोखंडी सरदार, तेच करतो. दोघांनाही डाम सान मारतो, त्यांची गावं आपल्या गावात आणतो, श्रीमंत होतो. मग ज्या झाडाशी बायकांच्या कुळाचा प्राण जोडलेला आहे तेच झाड तो तोडतो आणि बायका मरतात. त्यांना उठवण्यासाठी त्याला आकाशातल्या देवाकडे जावं लागतं. एवढ्यानंही समाधान न होऊन तो सूर्यदेवीलाच बायको करायला निघतो. ती नाही म्हणते. परतताना काळ्या चिखलाच्या रानात घोड्यासकट तो रुततो आणि मरतो. त्याचा आत्मा माशी होऊन बहिणीच्या तोंडात शिरतो, तिला मुलगा होतो, त्याचं नावही डाम सान. आणि हा भाचा मोठा होऊन मामाच्या जागी त्याच बायकांचा नवरा होतो.

दोरी तुटत नाही. एवढा पराक्रमी पुरुष आयुष्यभर एका रितीशी झगडला आणि शेवटी रीत जिंकली. तीही त्याच्या स्वतःच्या पुनर्जन्मातून. जगातल्या वीरकाव्यांत इतका खोल शेवट मला दुसरा आठवत नाही.

पाठ्यपुस्तकात मात्र वर्षानुवर्षं म्ताव म्सायशी झालेली लढाई आहे. २०२२ पासूनच्या काही पुस्तकांत सूर्यदेवीचा प्रसंगही आला, तो बदल चांगला आहे. लढाईचा उतारा सुंदर आहे यात वाद नाही. डाम सान शत्रूच्या घराखाली उभा राहून त्याला खाली बोलावतो. म्ताव म्साय येत नाही. मी इथे तुझ्या बायकोला कवटाळून बसलोय म्हणतो. मग भीती बोलून दाखवतो, मी उतरत असताना तू मला भोसकशील. डाम सान म्हणतो, तुझ्या घराखालच्या डुकरालाही मी कधी भोसकलं नाही, मग तुला कशाला? शत्रू ढाल नाचवतो तेव्हा ती वाळलेल्या घोसाळ्यासारखी खडखडते. डाम सान नाचवतो तेव्हा वादळ सुटतं. होन्यी वरून विडा फेकते, तो म्ताव म्सायला मिळायच्या आधी डाम सान झेलतो आणि त्याचं बळ वाढतं. भाला मात्र शत्रूच्या चिलखतातून आत जात नाही. थकलेल्या डाम सानला आकाशातला देव उपाय सांगतो: झिजलेलं मुसळ घे आणि त्याच्या कानावर फेक. चिलखत गळून पडतं.

ज्या माणसाचं घर खांबांवर आहे, ज्याची डुकरं घराखाली आहेत, ज्याच्या घरात रोज पहाटे भात कांडला जातो, त्याला हे सांगून समजवावं लागत नाही. मुसळ हे त्याच्या बायकोच्या, आईच्या हातातलं साधन आहे. लोखंडी सरदार पडतो तो भाल्यानं नाही, स्वयंपाकघरातल्या वस्तूनं, आणि त्याआधी बळ येतं ते बाईच्या विड्यानं. मातृवंशीय घरात ऐकणाऱ्या बायकांना ही गोष्ट आपली का वाटत असेल ते इथे कळतं. हनोईतल्या वर्गात हाच उतारा 'वीराचं सामर्थ्य आणि अतिशयोक्तीचा वापर' या प्रश्नोत्तरांत संपतो. त्यात शिक्षकांचा दोष नाही. पण चुए नुए न सांगता डाम सान शिकवणं म्हणजे वनवासाची अट न सांगता रामायणातलं युद्ध शिकवणं.

ऐकणारा कसा विरला, याची कारणं नेहमी 'आधुनिकता' या एका शब्दात गुंडाळली जातात. ती कारणं ठोस आहेत आणि प्रत्येकावर करण्यासारखं काहीतरी आहे.

पहिलं कारण घर. लांब घरं मोडली, प्रत्येक जोडप्याचं विटांचं छोटं घर आलं. लांब घराला लागणारं लाकूड रानातून मिळेनासं झालं, रानांच्या जागी रबर, कॉफी आणि मिरी आली. चुलीभोवती चाळीस माणसं बसतील अशी जागाच कित्येक वस्त्यांत उरली नाही. सरकारनं गावोगाव सामुदायिक सभागृहं बांधली, पण तिथे ट्यूबलाइट, खुर्च्या आणि सभेची शिस्त. तिथे खान आडवा होऊन सांगता येत नाही आणि आडवा होऊन ऐकताही येत नाही.

दुसरं कारण वेळापत्रक, आणि हे मला सगळ्यांत दुर्लक्षित वाटतं. डोंगरी भाताची कापणी झाली की हात मोकळे असायचे. खानचा हंगाम तोच. दाक लाक हा आज व्हिएतनामच्या रोबस्टा कॉफीचा गाभा आहे. कॉफीची तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर. पिकलेली फळं चोरीला जाऊ नयेत म्हणून रात्री राखण करावी लागते. तोडणीनंतर वाळवणं. आणि मग कोरड्या ऋतूत, जानेवारी ते एप्रिल, फुलोरा धरण्यासाठी दोनतीन किंवा अधिक पाण्याच्या पाळ्या. पंप मिळेल तेव्हा, पुष्कळदा रात्रीच. म्हणजे ज्या रात्री पूर्वी खानच्या होत्या त्याच आता पंपाच्या झाल्या. या वेळापत्रकाशी जुळवून न घेता कुणीही खानचा कार्यक्रम आखला तर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरंच येणार. मधली पिढी, जी घरी जाऊन मुलांना शब्द समजावून सांगेल, ती शेतात असणार.

तिसरं कारण चर्च. १९३० च्या दशकापासून प्रोटेस्टंट मिशनरी इथे आले आणि आज बरेच एदे ख्रिस्ती आहेत. झांगा, मडक्यातली तांदळाची दारू, पूजा, यांच्यासोबत पुष्कळ घरांतून खानही बाहेर गेला. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एदे बायबल आणि एदे स्तोत्रं यांच्यामुळे अनेक प्रौढांना आपली लिपी सराईतपणे वाचता येते. खान लिहून काढण्याच्या कामात ही माणसं हवीत. त्यांना परके मानणारी योजना आपलाच हात तोडून घेते.

आता संकलनाबद्दल. छापील खंडांचा अनादर मुळीच नाही. १९२७ चं पुस्तक नसतं तर डाम सानला जगात कुणी ओळखलं नसतं, आणि २००१ नंतर पठारावर टेपरेकॉर्डर घेऊन फिरलेल्या माणसांनी असे आवाज पकडले जे आज ऐकू येणं शक्य नाही. पण कॅसेटवरच्या संकलनाच्या मर्यादा ओळखून पुढचं काम करायला हवं. ६० मिनिटांची कॅसेट अर्ध्या तासानं उलटावी लागते. त्या क्षणी सांगणाऱ्याला थांबवायचं, मग 'पुढे चालू' म्हणायचं. यमकाची साखळी नेमकी तिथे तुटते आणि तुटलेल्या जागी सांगणारा ठरीव ओळींवर निभावून नेतो. छापील पाठात कुठे कथा अचानक पातळ वाटली तर ती कवीची उणीव आहे की बाजू बदलल्याची खूण, हे मूळ फीत ऐकल्याशिवाय ठरवता येणार नाही. शिवाय समोर ऐकणारे नसताना, दिवसा, फक्त संकलकासाठी सांगितलेला खान आखूड होतो. पेंगणाऱ्याला जागं करण्यासाठी येणारी लांबण त्यात येत नाही, कारण जागं करायला कोणी नसतं.

लिपीचीही एक अडचण बारकाईनं पाहण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात एदे शिक्षक आणि फ्रेंच अधिकारी यांनी मिळून रोमन अक्षरांवर आधारलेली लिपी घडवली. एदेत स्वराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद अर्थ बदलतो. ऱ्हस्व स्वरावर छोटी वाटीसारखी खूण येते. काही स्वरांवर आधीच छत्री किंवा शिंग असतं आणि त्यावर आणखी वाटी, म्हणजे एका अक्षरावर दोन खुणा. युनिकोडमध्ये या जोडअक्षरांना स्वतःचा तयार संकेत नाही. मूळ अक्षर आणि वाटी वेगवेगळी टंकून जोडावी लागतात. जुन्या व्हिएतनामी फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये उतरवताना वाटी सहज गळते. छापताना दिसायला फरक नगण्य, पण ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला की यमक बिघडतं आणि शब्द बदलतो. ज्यानं खान कानानं ऐकला आहे त्याला चूक लगेच कळते. ज्यानं फक्त पुस्तकातून शिकायचं ठरवलं आहे तो ती चूकच पाठ करतो. शुद्धलेखन तपासणाऱ्याची नेमणूक करताना पदवीबरोबर कानही तपासला पाहिजे.

मग सध्याचे प्रशिक्षण वर्ग? त्यांचा साचा साधारण ठरलेला असतो. काही आठवडे, दिवसा, एक ज्येष्ठ पो खान आणि पंधरावीस मुलं. हातात छापील उतारा. शेवटी मंचावर दहापंधरा मिनिटांचं सादरीकरण, प्रमाणपत्र, फोटो. मुलं कष्ट करतात, शिकवणारा जीव ओततो, तरी दोन वर्षांनी त्यातलं कोणी खान सांगत नसतं. कारणं उघड आहेत. कागदावरून म्हटलं की श्वास छापील ओळीच्या शेवटी घेतला जातो. खानमध्ये श्वास यमकाच्या साखळीच्या मध्ये कुठेतरी, पुढचा शब्द तोंडात आल्यावर घ्यायचा असतो. वर्गात मुलं एकसुरात म्हणतात. खान एकट्याचा आहे. मंचावर उभं राहून, माइक धरून, मागे झांगांची साथ घालून सांगताना वेग आपोआप वाढतो आणि आवाज वर चढतो. मुलांना पाठ होतो तो एक तुकडा, आणि तुकड्याच्या अलीकडेपलीकडे काय आहे याची कल्पना नसल्यानं तो स्मरणशक्तीत फार काळ टिकत नाही. मुख्य म्हणजे त्या मुलानं घरी जाऊन तो म्हणायचा कोणापुढे?

म्हणून एका वस्तीसाठी माझा प्रस्ताव असा. वर्ग बंद करा, हंगाम सुरू करा. गावकऱ्यांना विचारून पाण्याच्या पाळ्यांच्या रात्री वगळा आणि उरलेल्यांतून आठवड्याला दोन रात्री निवडा, साडेसात ते साडेनऊ. ज्या घरात अजून चूल आणि मोठी खोली आहे ते घर निवडा. लांब घर असेल तर उत्तम, नसेल तर अडून बसू नका. त्या घराला सरपण, चहा आणि फराळाचे पैसे द्या. पो खानला दर रात्रीचा मेहनताना द्या, कॉफी तोडणीच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी नाही, आणि तो त्याच रात्री हातात. २०१४ नंतर आलेल्या मानाच्या पदव्या योग्यच आहेत, पण पदवी एकदा मिळते आणि ती सांगण्यावर अवलंबून राहत नाही. रात्रीचा मेहनताना सांगितल्यावरच मिळतो.

एका हंगामात एकच खान घ्या, तीन वेळा. पहिल्यांदा अखंड, कुणीही मध्ये थांबवायचं नाही. दुसऱ्यांदा प्रसंगाप्रसंगानं, आणि प्रत्येक प्रसंगानंतर गावातली एखादी जाणती बाई जुने शब्द उलगडून सांगेल. तिलाही मेहनताना. ही जागा आजवर कोणत्याही अंदाजपत्रकात मी पाहिलेली नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. तिसऱ्यांदा ज्या तरुणाला हुरूप येईल त्यानं ठरीव वर्णनं सांगायची: आधी घराचं, मग मेजवानीचं. कथेचा दोर पो खानच्याच हातात. वर्णनं हीच खान शिकायची पहिली पायरी आहे, कारण ती सगळ्या खानांत थोड्याफार फरकानं येतात. ती जमली की डाम सानवरून 'शिंग न्या' किंवा 'डाम दी' या दुसऱ्या खानांवर जाणं सोपं होतं. हजेरीपट ठेवायचाच असेल तर शिकणाऱ्यांचा ठेवू नका. ऐकायला आलेल्या घरांचा ठेवा.

ध्वनिमुद्रण करा, पण ऐकणाऱ्यांच्या मध्ये बसून. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, साधी वेव्ह फाइल; स्टिरिओ असेल तर तासाला सुमारे एक जीबी. शर्टाला लावायचा माइक टाळा, आडवा होणाऱ्या माणसाच्या पांघरुणाला तो घासतो. छोट्या स्टँडवर, तोंडापासून हातभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवा आणि चुलीकडे त्याची पाठ करा, नाहीतर जळत्या लाकडाचा तडतडाट शब्दांवर चढतो. सांगणाऱ्याला 'नीट बसा' म्हणू नका, श्वास बदलतो. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला गाव, तारीख, सांगणाऱ्याचं नाव आणि तो कोणाकडून शिकला हे त्याच्याच आवाजात घ्या, ते पुढे कुठे जाऊ शकतं याची परवानगीही. लेखनाचा अंदाज वास्तव धरा: एका तासाच्या मुद्रणाला नुसतं उतरवून काढायलाच आठदहा तास लागतात, शब्दांची उकल आणि तपासणी वेगळी. दहा तासांचा खान 'महिन्याभरात पुस्तक' या मुदतीत बसवला की आधी ऱ्हस्वाची वाटी गळते, मग न समजलेल्या ओळीच.

गावकऱ्यांना प्रत परत मिळाली पाहिजे. आज महत्त्वाचे संग्रह हनोईतल्या संस्थांकडे आहेत, एदे गावांपासून हजाराहून अधिक किलोमीटरवर. साध्या, एकसुरी ध्वनीत दाबलेला एक तास तीस एमबीच्या आत बसतो, म्हणजे अख्खा खान एका छोट्या मेमरी कार्डात मावतो. तो फोनवर पोचवा. रात्री कॉफीची राखण करणाऱ्या माणसाकडे वेळ असतो, अंधार असतो आणि कानात घालायला काहीतरी हवं असतं. पंपाजवळ बसलेल्या त्याच्या मुलाकडेही. एदे भाषेत सरकारी रेडिओचे कार्यक्रम आहेत. तिथे दहा मिनिटांचे उतारे न लावता ठरलेल्या वेळी रोज अर्धा तास सलग खान लावता येईल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: रेडिओ किंवा फोनवर ऐकणं म्हणजे चुलीपाशी ऐकणं नव्हे. खरं आहे. पण कान पुन्हा तयार करायचा आहे, आणि तो कुठूनही तयार झालेला चालेल. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो एदे पालकच घेतात. मुलांना व्हिएतनामी हवं, नोकरी हवी, जुन्या यमकांत वेळ का घालवायचा? याला 'संस्कृती' हा शब्द पुढे करून उत्तर देणं उद्धटपणाचं आहे. प्राथमिक शाळांत एदे हा विषय अनेक ठिकाणी शिकवला जातो. त्याच्या तासाला खानचे उतारे वाचण्याऐवजी ऐकवले तर मुलाचा वेगळा वेळ जात नाही आणि भाषेचा पाया पक्का होतो. एवढं मी म्हणू शकतो. त्यापुढे ठरवायचा हक्क पालकांचा आहे.

महाराष्ट्रात आपल्याला हा प्रश्न अनोळखी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकारानं जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, फार मोठं काम झालं. पण पहाटेचं दळण गिरणीत गेलं आणि नवी ओवी रचणारी थांबली. उलट धनगरी ओव्या टिकल्या आहेत, कारण बिरोबाच्या जत्रांत रात्रभर बसून त्या ऐकणारी माणसं अजून आहेत. ग्युंथर सोन्थायमर यांनी त्या ध्वनिमुद्रित केल्या त्याहीमुळे त्या जगापुढे आल्या, पण टिकल्या त्या जत्रेमुळे.

१ जुलै २०२५ पासून दाक लाक आणि फू येन हे प्रांत एक झाले. फू येनच्या डोंगराळ भागातले, सोंग हिन्हकडचे एदे त्यामुळे दाक लाकच्या एदेंबरोबर एका प्रशासनाखाली आले आहेत. नव्या प्रांताचा सांस्कृतिक आराखडा अजून घडतो आहे. त्यात खानसाठी जी तरतूद होईल तिच्यात मंच, पोशाख आणि पुस्तक यांच्या आधी तीन रकाने असावेत: सांगणाऱ्याची रात्र, शब्द उलगडणारी बाई, आणि ज्या घरात चूल पेटते त्या घराचं सरपण. सुरुवातीला दहा वस्त्या पुरेत. दोन हंगामांनंतर तिथे जाऊन मुलांना डाम सानचा उतारा म्हणायला लावू नका. होन्यीनं विडा का फेकला आणि भाचा मामाच्या बायकांचा नवरा का झाला, हे विचारा.